भारवीर : अर्ध्या हंगामाची तपासणी

दहा भागांची मालिका पाच भागांवर जोखू नये, असं शहाणी माणसं म्हणतात. त्यांनी आयुष्यात कधी लिफ्ट तपासलेली नसते. लिफ्ट अर्ध्यावर थांबवूनच तपासतात. वर पोचल्यावर कळून काय उपयोग?

मी छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. दोर तुटलेली एक लिफ्ट मी दातांनी धरून ठेवली होती, आत चौदा माणसं आणि एक पियानो. पुढचे दोन दात तेव्हाच गेले. बायको म्हणते, न्हाणीघरात घसरून गेले. पण बायको त्या लिफ्टमध्ये नव्हती.

असल्या गोष्टी ऐकत माझी पुतणी मोठी झाली आणि टीव्हीसाठी लिहायला लागली. तिनं 'भारवीर' नावाची मालिका काढली. एरवी लिफ्ट दुरुस्त करणारा आणि संकट आलं की अख्खी इमारत खांद्यावर तोलणारा महाबली. निळा पोशाख, छातीवर पोलादी कप्पी. "काका, भारवीर म्हणजे तुम्हीच," ती म्हणाली. मी सगळ्या गल्लीला सांगितलं. मग शेजारच्या गल्लीलाही.

दर शुक्रवारी संध्याकाळी सहाला आठबोट्या बघायला यायचा. हा माझा कामावरचा जोडीदार. उजव्या हाताला तीनच बोटं, म्हणून हे नाव. ठेवलं मीच, तो मला थापाड्या म्हणतो, तेव्हा फिटंफाट. त्याच्याकडे लिफ्ट-तपासणीच्या जुन्या तक्त्यांचा गठ्ठा पडून होता. भाग संपला की आम्ही त्याच तक्त्यावर मालिकेची तपासणी करायचो. पहिल्या भागात 'ब्रेक' या शब्दापुढे त्यानं लिहिलं, "गाणं सुरू झालं की थांबतच नाही." तिसऱ्यात 'वजन' पुढे, "खलनायक सात. क्षमता दोनाची. घंटा वाजायला हवी होती." चौथ्या भागात भारवीरनं भरला पूल एका हातानं उचलला, तेव्हा तर त्यानं मांडीवर थाप मारली, "अरे लेका, ही तर तुझीच! फक्त तुझ्यात पुलावर हत्ती होता."

"खर्च परवडला नसेल," मी म्हणालो.

तक्त्याच्या तळाला 'चालू ठेवावी' किंवा 'बंद ठेवावी' यावर खूण करायची आणि दोघांनी सह्या करायच्या. एका सहीचा तक्ता आमच्या धंद्यात रद्दी. चारही भागांवर 'चालू ठेवावी' होतं.

पाचव्या भागाआधी पाटीबद्दल सांगायला हवं. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वर-खाली जाते तिला आम्ही विहीर म्हणतो. विहिरीत उतरणाऱ्यानं आधी मुख्य बटणावर आपली पाटी टांगायची. तळहाताएवढी, लाल पत्र्याची, वर लिहिलेलं, 'आत माणूस आहे', आणि खाली त्याचं नाव. ज्याची पाटी त्यानंच काढायची. साहेब आला तरी हात लावायचा नाही.

तर पाचव्या भागात भारवीरचा जोडीदार विहिरीत उतरतो. हात तेलानं माखलेले, म्हणून पाटी भारवीरकडे देतो, "तू लाव रे." भारवीर ती मुठीत घेऊन निघतो आणि वाटेत टेलिफोनवर बसणाऱ्या बाईला पूल उचलल्याची गोष्ट रंगवून सांगत बसतो. तेवढ्यात कोणीतरी बटण दाबतं. किंकाळी. भारवीर जोडीदाराला खांद्यावर घेऊन नऊ मजले जिना उतरतो, मागे जोरदार संगीत. आणि मध्येच, कोणी बघत नाही असं पाहून, मुठीतली पाटी जोडीदाराच्या खिशात सरकवतो.

मी चहाचा कप खाली ठेवला.

आठबोट्यानं टीव्हीचा आवाज बंद केला.

"छान रचलंय पोरीनं," मी म्हणालो.

"माझी पाटी गळ्यात असायची," तो म्हणाला. "सुतळीला. तू हसायचास, घंटा बांधलेला बैल म्हणायचास."

"म्हणायचो खरा."

"बोटं गेली त्या दिवशीच्या चौकशीत ती माझ्या खिशात निघाली. मला तर सकाळचं काहीच आठवत नव्हतं. म्हटलं, साहेब, विसरलो असेन लावायला. एकतीस वर्षं मी स्वतःला विचारतोय, त्याच दिवशी खिशात का ठेवली असेल."

"अरे, मालिका आहे ती! उद्या भारवीर चंद्र ओढून आणेल, मग काय..."

"थापाड्या, थाप मारताना तू समोरच्याच्या डोळ्यांत बघतोस. आत्ता टीव्हीकडे बघतोयस."

तो उठला. तक्ता कोराच राहिला.

मी पुतणीला फोन लावला तो भांडायलाच. "केसानं गळा कापलास गं माझा!"

"काय झालं, काका? भाग आवडला नाही?"

"डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा ती गोष्ट मी तुला दवाखान्यात सांगितली होती. डोळ्यांवर पट्टी होती माझ्या. खोलीत तू एकटी होतीस."

"हो ना! तुमची सगळ्यांत भारी थाप. ते खिशात सरकवणं तर... आमच्या इथे सगळे थक्क झाले." मग ती थांबली. "काका? थापच होती ना ती?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अहो, मला कळायचं कसं? तुम्ही कधी खरं सांगता का?"

"आवाज बदलला होता माझा."

"मला वाटलं, भूल उतरतेय."

ती रडायला लागली आणि माझं भांडण तिथेच मोडलं. अंगाखांद्यावर खेळवलेल्या पोरीनं घात केला, आणि तिच्यावर धड रागावायचीही सोय ठेवली नाही. शंभर खोट्या गोष्टी तिनं जपून ठेवल्या होत्या. एक खरी दिली, ती तिनं सगळ्या गावाला दाखवली.

रविवारी सकाळी आठबोट्या आला. माझ्याकडे न बघता सुतळीची पाटी त्यानं टीव्हीच्या बटणावर टांगली. तीच पाटी, कोपरा वाकलेली. बायकोला म्हणाला, "वहिनी, तपासणी अपुरी आहे," आणि गेला.

"हे काय आता?" बायको म्हणाली. "काढा ते. माझी मालिका असते अकराला."

"मला काढता येत नाही."

"दातांनी लिफ्ट धरता ना?"

ती पाच दिवस माझ्याशी बोलली नाही. कारण सांगितलं असतं तर पुढची एकतीस वर्षं बोलली नसती.

शुक्रवारी सहाला मी काळ्या पडद्यासमोर बसलो. सहावा भाग कुठेतरी सुरू झाला असेल. मी पाचव्याचा तक्ता पुढे ओढला आणि 'दोष' या रकान्यात लिहिलं : पाटी त्यानं माझ्याकडे दिली होती. मी लावली नाही. खिशात मी घातली. उचलून आणलं हे खरं, पण मजले चार. नऊ नाहीत आणि मी सांगतो ते अकराही नाहीत. खाली सही केली.

तो पलीकडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट चालू होती. मी जिन्यानं गेलो. त्यानं दार उघडलं, पण आत ये म्हणाला नाही. चौकटीला टेकून त्यानं तक्ता वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. तीन बोटांत पेन धरलं, 'बंद ठेवावी'वर खूण केली आणि माझ्या सहीशेजारी सही केली.

"आणि पाटी?" मी विचारलं.

"असू दे," तो म्हणाला. "आत माणूस आहे अजून."

आणि त्यानं दार लावून घेतलं.