मी सतरा, मामा म्हणाले सहा

मित्रांनो, मी एक जुना फासा आहे. जुना म्हणजे किती, ते मात्र विचारू नका. आकड्यांच्या बाबतीत माझा इतका गोंधळ उडालेला आहे, की स्वतःचं वय सांगायलाही मी कचरतो. अंगावर एकपासून वीसपर्यंत आकडे कोरलेले आणि तरी आकड्यांवर विश्वास नाही, आता बोला!

हो, वीस. फाशाला सहाच बाजू असतात असं तुम्हाला वाटत असेल, पण मी गोष्टीच्या खेळातला फासा आहे. या खेळात माणसं टेबलाभोवती बसून मिळून एक गोष्ट रचतात. कोणी सरदार होतं, कोणी चोर, कोणी जादूगारीण. एकजण सूत्रधार असतो. गुहा, वादळं, राक्षस, सगळं त्याच्याकडे. राक्षसाने तलवार उगारली, की ती लागली का हुकली हे सूत्रधार मनाने ठरवत नाही. तो मला टाकतो. मोठा आकडा आला तर घाव बसला, लहान आला तर हुकला. म्हणजे भलंबुरं सगळं माझ्या डोक्यावर!

माझा जन्म एका बाईंच्या स्वयंपाकघरात झाला. त्या लोकांच्या पसंतीप्रमाणे फासे घडवत. ओट्याच्या एका कोपऱ्यात रेझिनच्या बाटल्या, दुसऱ्या कोपऱ्यात दुधाचं पातेलं. एके दिवशी एक मुलगी नमुन्यांचा ट्रे पुढ्यात घेऊन बसली आणि उठेचना. हिरवा बघितला, निळा बघितला, पुन्हा हिरवा बघितला.

"कोणासाठी हवाय?" बाईंनी विचारलं.

"मामासाठी. साठ वर्षांचा होतोय. आमचा सूत्रधार आहे तो."

"मग आकडे जाड घालू का? पांढरे?"

"छे हो, जाड आकडे किती बेंगरूळ दिसतील! बारीक, वळणदार घाला. चंदेरी. आणि आत जांभळ्यात चंदेरी धूळ."

बाईंनी सांगितल्याप्रमाणे रेझिन घोटलं, साच्यात ओतलं आणि सुकल्यावर मला बारीक पॉलिश पेपरवर इतकं घासलं, की मी आरशासारखा झालो. आकड्यांच्या खाचांत चंदेरी रंग भरला. दिसायला मी देखणा होतो हो, खोटं कशाला बोलू? मुलीने मला हातात घेतलं आणि तिचे डोळेच चमकले.

मामांचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं. दुकानामागच्या खोलीत दर रविवारी दुपारी खेळ बसायचा. भाची जादूगारीण व्हायची. तिचा मित्र, ज्याला सगळे दाढीवाला म्हणत, तो सरदार. शेजारच्या काकू चोर. एरवी त्या देवमाणूस, पण खेळात सोबत्यांचेच खिसे कापायच्या आणि वर विचारायच्या, "माझ्यावर का संशय?"

मामांनी मला वाढदिवसाला पहिल्यांदा हातात घेतलं, तेव्हा बराच वेळ अंगठ्याने चाचपलं. मग म्हणाले, "झकास आहे गं." भाचीने टाळ्या वाजवल्या. मी आपला हुरळून गेलो.

सूत्रधाराची एक रीत असते. तो आपल्यापुढे पुठ्ठ्याचा आडोसा उभा करतो आणि राक्षसाचा फासा त्यामागे टाकतो. आडोशाआड कोणी डोकावायचं नाही, सूत्रधार सांगेल तो आकडा खरा. पहिल्याच दिवशी मामांनी मला टाकलं. मी गडगडत जाऊन थांबलो, सतरावर. भाचीने निवडलेला फासा पहिल्याच फटक्यात सतरा! माझी छाती फुगली.

मामा वाकले. मान जराशी तिरकी करून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "सहा. वार हुकला."

मला वाटलं, मी चुकीचा पडलो असेन. कदाचित जी बाजू वर असते ती मोजायची नसेल. खालची असेल? पण खाली तर चार होता. दुसऱ्यांदा मी तीन दाखवला, मामा म्हणाले, "दहा." तिसऱ्यांदा मी वीस दाखवला. वीस, मित्रांनो! त्यासाठी फासे आयुष्यभर झुरतात. मामा म्हणाले, "नऊ. थोडक्यात वाचलात." मी चक्रावलोच. माझे आकडे उलटे कोरले की काय? का मला आकडेच येत नाहीत? कोणाला विचारणार? फाशाला तोंडं वीस, पण बोलायला एकही नाही.

असे कितीतरी रविवार गेले. राक्षस हुकत राहिले. सरदाराला ओरखडाही उठेना. गोष्टीतली हवाच निघून गेली. काकू मध्येच जांभया देऊ लागल्या. शेवटी दाढीवाल्याचं डोकं फिरलं.

"हा फासाच खोटा आहे," तो म्हणाला. "एका बाजूला जड असणार."

झालं! आळ माझ्यावर आला. भाचीने काचेचा पेला आणला, पाण्यात विरघळेनासं होईपर्यंत मीठ ढवळलं आणि मला त्यात सोडलं. फासा जड असला तर कितीही गिरक्या दिल्या तरी तीच बाजू वर येते. मी तरंगत होतो, ती टिचक्या मारत होती. एकदा पाच वर आला, एकदा अठरा, एकदा बारा. मामा बाजूला बसून आडोशाची घडी चाचपत होते.

"फासा चोख आहे," भाची म्हणाली आणि मला पुसलं. पण तिचा चेहरा पडला होता. कारण फासा चोख म्हणजे सूत्रधार खोटा.

दाढीवाल्याने तोंडावर सांगूनच टाकलं. "मामा, आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत? तुम्ही आम्हाला मुद्दाम वाचवताय. असंच चालणार असेल तर मी पुढच्या रविवारपासून येत नाही."

मामांनी मान खाली घातली, पण "नाही" म्हणाले नाहीत. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. माणूस लबाड ठरायला तयार होतो, पण बोलत नाही. असं काय असतं त्याच्या पोटात? पुढचा आठवडाभर मी वाळलेल्या पेनांच्या खणात पडून होतो. कोणी विचारलं नाही. पण खरं सांगतो, तिथल्या धुळीपेक्षा हा प्रश्नच मला जास्त खात होता.

पुढच्या रविवारी दाढीवाला आला, पण शेवटचं म्हणूनच आला होता. गोष्टीत त्याचा सरदार एकटा पुलावर उभा होता आणि समोरून राक्षस धावून येत होता. मामांनी मला मुठीत धरलं. त्यांनी मला जरा जोरातच फेकलं. मी टेबलावर आपटलो, उसळलो, आडोशाच्या कडेवरून पलीकडे गेलो आणि थेट भाचीच्या पुढ्यात येऊन थांबलो. सगळ्यांसमक्ष. एकोणीस.

कोणी काही बोलायच्या आत आडोशामागून मामांचा आवाज आला. त्यांनी नेहमीसारखी मान तिरकी करून रिकाम्या टेबलाकडे बघितलं होतं.

"चार," मामा म्हणाले. "हुकला."

काकूंनी तोंडावर हात ठेवला. दाढीवाला अर्धवट उठला होता, तो तसाच खाली बसला.

"मामा," भाची हळूच म्हणाली, "फासा इकडे आहे. माझ्यासमोर."

मामांनी स्वतःच्या हाताने आडोसा बाजूला केला.

"मधलं दिसत नाही गं मला," ते म्हणाले. "कडेकडेचं दिसतं. तू दिसतेस, ही खिडकी दिसते. पण जिथे बघावं तिथेच डाग. डॉक्टर म्हणतात, वाढतच जाणार. किल्ल्या बोटांना कळतात, हा मेला गुळगुळीत आहे. नुसत्या अंदाजाने कोणाला मारायचं मन होईना, म्हणून हुकवत राहिलो."

"मग आम्हाला सांगायचं नाही का?"

"सांगून काय झालं असतं? म्हणाला असतात, मामा, आता आराम करा. मला आराम नको. मला हा रविवार हवाय."

भाचीला रडूच फुटलं. "तुझ्यासाठी घेतला आणि माझ्या डोळ्यांनी निवडला. एकदा तुला विचारलं असतं तर!"

मी मात्र आतून सुटलो होतो. म्हणजे माझे आकडे बरोबर होते! पण आनंद मानावा का वाईट वाटून घ्यावं, हेच मला कळेना. माझ्याच रूपापायी हा माणूस लबाड ठरला होता.

दाढीवाला पुढे सरकला. "मामा, म्हणजे खरा एकोणीस?"

"तू बघितलास ना? मग एकोणीसच."

"मग माझा सरदार कोसळला."

"कोसळला," मामा म्हणाले. "पण अजून गेलेला नाही. एक फासा बाकी आहे. दहाच्या वर आला तर जगेल."

त्यांनी आडोसा घडी करून भिंतीला टेकवला. मला मुठीत घेतलं. "मी टाकतो. तुम्ही वाचा. मोठ्याने वाचा, आणि लबाडी नको हं."

मित्रांनो, चार डोकी माझ्यावर वाकली होती. दहाच्या वर, दहाच्या वर, असं मनात घोकत मी गडगडलो आणि थांबलो.

"दोन!" तिघं एकदम ओरडली.

मेला सरदार. मी केलं ते. मला वाटलं, आता रवानगी पुन्हा खणात. पण दाढीवाला टेबलावर हात आपटून म्हणाला, "मामा, आता मरण चांगलं सांगा!" आणि मामांनी सांगितलं. पुलावरचा वारा, हातातून सुटलेली ढाल, खाली नदीत पडलेलं शिरस्त्राण, सगळं सांगितलं. काकू डोळे पुसत होत्या. दाढीवाला हसतही होता आणि रडतही होता. माणूस हरला, तरी इतका खूश का, हे मला अजूनही समजलेलं नाही.

तेव्हा मित्रांनो, दुसऱ्यासाठी काही निवडाल तेव्हा आधी ते त्याच्या हातात द्या आणि त्याला विचारा, "तुला दिसतंय ना?" माझं काय, मी अजून त्याच टेबलावर आहे. मामा टाकतात आणि बाकीचे ओरडतात. परवा काकूंच्या चोराच्या जिवावर बेतलं, तेव्हा मी एक दाखवला, सगळ्यात वाईट आकडा. आणि तिघांनी मिळून तो खरा आकडा मामांना ओरडून सांगितला.