माझे सेल घड्याळात होते

अहो, जरा इकडे बघा! डॉक्टरांच्या टेबलावरून मी बोलतोय, डोळ्यात बघायचा छोटा दिवा. माझ्या भिंगातून डोळ्याचा आतला पडदा दिसतो. डोक्यात दाब वाढला असेल तर तिथली नस सुजलेली कळते. फुशारकी नाही मारत, मला येतं ते एवढंच.

डॉक्टर नवे होते तेव्हा मला खिशात घेऊन फिरायचे. कोणी डोकं दुखतंय म्हटलं की आधी मी, मग गोळी. पुढे गर्दी वाढली आणि मी खालच्या खणात गेलो, रबरी शिक्के आणि सुकलेल्या पेनांच्या शेजारी. एक दिवस भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. कंपाउंडरकाकांनी सरळ माझ्या पोटातले सेल काढले. "याला कोण विचारतंय आता?" म्हणे. असा संताप झाला माझा!

त्याच आठवड्यात शिवणकाम करणारी ताई आली. "डॉक्टर, महिना झाला डोकं दुखतंय. सकाळी उठल्या उठल्या ठणकतं. मशीनवर वाकलं की डोळ्यांपुढे क्षणभर काळोखच होतो."

डॉक्टरांनी मला बाहेर काढलं. माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी बटण दाबलं, पण मी पेटणार कसा?

"काका, याचे सेल?"

"घड्याळात घातलेत. उद्या आणतो की."

बाहेर वीस माणसं खोळंबली होती. "राहू दे," डॉक्टर म्हणाले. "सुईत दोरा ओवून डोळे शिणलेत, दुसरं काय!" गोळ्या लिहून दिल्या. ती आणखी दोनदा आली, आणखी गोळ्या घेऊन गेली. काकांचा उद्या काही उजाडला नाही.

चौथ्यांदा आली ती सासूबाईंचा हात धरून. मोठ्या दवाखान्यात दाब उतरवला होता, पण तोवर डोळ्यांच्या नसा सुकल्या होत्या.

"डोकं दुखायचं अगदी थांबलं हं, डॉक्टर," ती म्हणाली. ती रागावली नव्हती, तेच सोसवेना.

निघताना तिनं विचारलं, "किती वाजले हो, काका? बसची वेळ झाली का?"

घड्याळ तिच्या अगदी समोर होतं, माझ्या सेलवर चालत होतं.

आता माझे सेल दर सोमवारी तपासतात. मी लख्ख पेटतो, आणि दरवेळी तिचे डोळे आठवून गलबलतं. तुमचं डोकं असं दुखत राहिलं तर भिडेनं गप्प बसू नका. म्हणा, "एकदा डोळ्यात बघा हो." तिच्या वेळी मला ओरडता आलं नाही, म्हणून आज बोलतोय.