खंडेनवमीच्या पाटावरचा महागडा व्हेप

मित्रांनो, माझं नाव निघालं की मोठी माणसं तुमच्याकडे बघून विषय बदलतात. म्हणून म्हटलं, आपली गोष्ट आपणच सांगावी. मी एक व्हेप आहे. सिगरेट सोडू पाहणाऱ्या माणसानं तिच्याऐवजी ओढायचं, बॅटरीवर चालणारं यंत्र. आता मी जुना झालोय, पण एके काळी माझाही थाट होता.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. आत्मस्तुती करू नये म्हणतात, पण मी देखणा होतो. धातूचं काळंभोर अंग आणि त्यावर इवलासा पडदा. जहाजातून इंग्लंडला आलो आणि मेडनहेडमधल्या एका दुकानात काचेच्या कपाटात बसलो. खालच्या फळीवर स्वस्तातले व्हेप असत, गुलाबी, पोपटी, खाऊच्या बरणीत शोभावेत असे. मी त्यांच्याकडे बघून नाक मुरडायचो.

एका शनिवारी हरीश सिगरेट सोडायची म्हणून दुकानात आला. पुण्याहून नोकरीसाठी इकडे आलेला, चाळिशीचा सॉफ्टवेअरवाला. दुकानदार अनिश लेस्टरमध्ये जन्मलेला, पण मराठी घरातला. त्यानं एक गुलाबी व्हेप आणि मला, असं दोघांना काउंटरवर ठेवलं.

"काका, लवकर सोडायचा असेल तर हे स्वस्तवाला घ्या. काम same आहे. Honestly, महागवाली घेतली की लोक सोडतच नाही."

"नको रे," हरीश म्हणाला. "पुढच्या महिन्यात आई येतेय. हे गुलाबी खिशातून पडलं तर संपलंच! हा कसा, ऑफिसच्या कामाचा वाटतो. आणि घ्यायची तर वस्तू चांगली घ्यावी, टिकते तरी."

टिकते! सोडायची वस्तू टिकाऊ कशाला हवी, हे त्यालाही सुचलं नाही आणि मलाही. मी आपला फुगून त्याच्या खिशात बसलो.

आईची भीती उगाच नव्हती. हरीशचे वडील फुप्फुसांच्या आजारानं गेले. शेवटची दोन वर्षं आईनंच त्यांचं सगळं केलं. ते गेले तेव्हा हरीशनं तिच्या पायाला हात लावून शपथ घेतली होती, की सिगरेटला शिवणार नाही. वर्षभरात ती मोडली आणि तिला ते माहीत नव्हतं.

खोटं कशाला बोलू, मी काम चोख केलं. तीन आठवड्यांत त्याची सिगरेट सुटली, सकाळचा खोकला थांबला. बायको सुनीतीला हायसं वाटलं. पण सिगरेटसाठी निदान थंडीत बाहेर जावं लागायचं. मी मात्र बाथरूममध्ये, गॅरेजमध्ये, गाडीत, सगळीकडे चालायचो. हरीश मला चष्म्याच्या फडक्यानं पुसायचा. असलं कौतुक कुणाला नको असतं? आगीतून निघून तो फुफाट्यात पडत होता आणि मी खूश होतो.

मग आई आली. सुप्रभाआजी. पाठोपाठ खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्या कामाच्या अवजारांची पूजा करतात. सुनीती पहाटेच ड्यूटीवर गेली होती. आजींनी पाटावर लॅपटॉप, गाडीची किल्ली, विळी आणि नात सान्वीची कंपासपेटी मांडली. मग हरीशच्या कोटातून मला काढलं.

"सान्वी, हे काय गं?"

"माहीत नाही आजी. पण बाबाच्या pocketमध्ये always असतं."

"मग कामाचंच असणार."

त्यांनी मला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि हात जोडले. "देवा, माझ्या लेकाच्या हातून हे कधी सुटू देऊ नकोस."

मित्रांनो, मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

तेवढ्यात हरीश धावत खाली आला. "आई, ट्रेन आहे माझी, laptop दे!"

"पूजेतलं उद्यापर्यंत उचलायचं नसतं. बरं, पोटापाण्याचं आहे, तर एक वस्तू घे. एकच हं."

हरीशचा हात पुढे आला आणि सरळ माझ्यावर पडला.

"बाबा, laptop तर इकडे आहे," सान्वी म्हणाली.

आजींनी त्याच्या हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. हरीशनं हात मागे घेतला. "आई, हे कामाचं नाही. मी शपथ मोडली. सिगरेट सोडायला हे घेतलं, आता हेच सुटत नाहीये."

त्याची ट्रेन गेली. आजी म्हणाल्या, "तुझे बाबाही असेच लपवायचे. मी ओरडेन म्हणून. एकदा सांगितलं असतं, तर मी ओरडले असते का रे?" आणि त्या रडल्या. मग डोळे पुसून पुन्हा पाटासमोर बसल्या. "देवा, मघाशी मागितलं ते अजाणता. ते देऊ नकोस." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सिगरेट सोडवलीस म्हणून फूल तुझंच राहू दे. पण आता माझं पोर सोड."

एका दिवसात काही झालं नाही. पण लपवाछपवी संपली. दर महिन्याला माझ्यातलं निकोटिन कमी होत गेलं. नाताळात हरीश दोनदा घसरला, पुन्हा उभा राहिला. पुढे मी कोटातून टेबलावर आलो आणि टेबलावरून ड्रॉवरमध्ये, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात.

बाकीच्या वस्तू तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा. मी नाही म्हणणार. ज्यानं कधी सिगरेट ओढली नाही, त्याच्या हातात मी महागडाही नको आणि स्वस्तही नको. आणि ज्याला ती सोडायची आहे, त्यानं मला घ्यावं ते टाकून देण्यासाठीच. अनिशचं खरं होतं.

गेल्या रविवारी पुण्याहून आजींचा व्हिडिओ कॉल आला. "हरीश, ते तुझं यंत्र कुठंय रे?"

हरीशनं खिसा चाचपला, टेबलाकडे पाहिलं. "अगं... माहीतच नाही. सान्वी, तू पाहिलंस?"

"No idea, बाबा."

आजी हसायला लागल्या. हरीशही हसला आणि गप्पा पुढे सुरू झाल्या. मित्रांनो, मला शोधायला कुणी उठलंसुद्धा नाही.