अर्धा टक्का

“तिथं गेल्यावर एवढंच सांगायचं, की सफाला लीव्ह मिळाली नाही,” जहांआरा म्हणाली. “जास्त बोलायचं नाही. तुम्ही एकदा सुरू झालात की थांबत नाही.”

हमदुल्लाने गाडी चालवता चालवता मान हलवली. शारजा सोडल्यापासून त्याची बायको मांडीवर सांदणांचा डबा घेऊन हेच सांगत होती आणि तो दर वेळी मान हलवत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची हे त्यालाही कळत होतं. मुठीत काय आहे, हे मात्र तिला माहीत नव्हतं.

बकरी ईद नुकतीच झाली होती. दुबईच्याही पलीकडे, खलिफा सिटीत राहणारे यहयाभाई त्यांच्याच राजापूर तालुक्यातले, आणि त्यांचा मुलगा झैद एअरपोर्टवर इंजिनिअर. ईदला त्यांची लेक सफा अमेरिकेहून आली की मुलामुलीने एकमेकांना बघायचं, असं दोघांच्या आयांनी रमझानमध्येच ठरवून टाकलं होतं. सफा काही आली नाही. आता निदान आईबापांनी तरी जाऊन तोंड दाखवावं, म्हणून ही दोघं निघाली होती.

“खरं सांगू?” जहांआरा बाहेर बघत म्हणाली. “मला ते लीव्हचं पटतच नाही. हॉस्पिटलवाले इतके जालीम असतात? दीड वर्ष झालं पोरीला जाऊन. तिकडे कोणीतरी असेल तिचं, म्हणून येत नाही.”

“असं काही नाही.”

“तुम्हाला काय माहीत?”

हमदुल्लाला सगळं माहीत होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात. याचा घसा एप्रिलपासून खवखवत होता.

हमदुल्ला शारजाच्या औद्योगिक भागात, ॲल्युमिनियमच्या खिडक्या-दरवाजे बनवणाऱ्या एका कारखान्यात पगार काढायचं काम करी. त्यातच त्याचे केस पांढरे झाले होते. कामगार त्याला मास्टर म्हणत. या देशात पगारावर टॅक्स नाही. जेवढा ठरला तेवढा हातात. कापलं जातं ते खाड्याचं किंवा नुकसानीचं, म्हणजे माणसाकडून काहीतरी चुकल्याचं. त्यामुळे कापणं म्हणजे शिक्षा, असं समीकरण हमदुल्लाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. कोणी उशिरा आला तर हा त्याचा अर्धा दिवस गुपचूप भरून टाकी, आणि फोरमन ओरडला तर म्हणे, “खलास, हबीबी. गरीब आदमी है.” कमीत कमी कापणारा मास्टर म्हणून त्याची कीर्ती होती, आणि ती त्याला आवडायची.

सफा नर्स म्हणून ॲरिझोनाला गेली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. आईला नव्हे, मुद्दाम बापाला.

“अब्बा, इथे दोन टॅक्स आहेत. एक अख्ख्या देशाचा, तो ते लोक कॅलक्युलेट करून कापतात. दुसरा स्टेटचा. त्याचे पगारातून किती पर्सेंट कापायचे ते मी सांगायचं. हाफपासून साडेतीनपर्यंत. व्हॉट शुड आय पुट?”

“सगळ्यात कमी कुठला?”

“हाफ.”

“मग हाफ लिही.”

“पण माझी इन्चार्ज म्हणते, दोन-अडीच ठेव. टॅक्स तेवढाच असतो म्हणे. आता कमी कापला तर उरलेला नंतर एकदम भरायचा.”

“त्यांचा देश, ते असंच सांगणार,” हमदुल्ला म्हणाला. “नंतरचं नंतर बघू, इन्शाल्ला. अगं, मी जन्मभर पगार काढतोय. तू मला शिकवू नकोस.”

सफा हसली आणि तिने अर्धा टक्का लिहिला. पगाराच्या बाबतीत अब्बांच्या पुढे कोण आहे, असं तिला लहानपणापासून वाटत आलं होतं.

आता हे सगळं भाबडेपणातून झालं असं म्हणायचं, तर हमदुल्लाला फुकट सोडल्यासारखं होईल. त्याच सुमारास त्याने गावच्या घरावर मजला चढवायला काढला होता. यहयाभाईंच्या भावाने खाडीच्या पलीकडे दुमजली घर बांधलं होतं आणि ते हमदुल्लाच्या ओट्यावरून दिसायचं. सफा दर महिन्याला पैसे पाठवणार होती. कापणार कमी, तर हातात येणार जास्त, आणि हातात जास्त तर गावाला जास्त. फोन ठेवायच्या आधीच त्याने मनात डॉलरचे दिरहम आणि दिरहमचे रुपये करून टाकले होते. इन्चार्ज म्हणते ते खरं असणार, हेही त्याला तेव्हाच कळलं होतं.

मग एप्रिल आला. फोन कारखान्यात आला, मशीनच्या आवाजात.

“अब्बा, स्टेटचे हजार डॉलरच्या वर भरायचे निघालेत. आजच्या आज.”

“म्हणजे चार हजार दिरहम,” तो म्हणाला. “लाखभर रुपये झाले की गं.”

“हो. तिकिटाचे बाजूला ठेवलेत, तेवढेच आहेत माझ्याकडे. या महिन्यात आणि पुढच्या महिन्यात स्लॅबचे पैसे नाही पाठवले तर चालेल?”

हमदुल्लाने चालेल म्हणायला हवं होतं. त्याने म्हटलं, “कंत्राटदाराने सळ्या आणून टाकल्यात. पाऊस तोंडावर आलाय.”

सफा म्हणाली, “ओके. मी अम्मीला सांगते, लीव्ह मिळाली नाही म्हणून. तुम्ही काही बोलू नका. उगाच तुमच्यावर चिडेल.”

तो काही बोलला नाही. मेमध्ये स्लॅब टाकून झाला. गावाहून फोटो आले, ते त्याने कारखान्यात सगळ्यांना दाखवले. घरी जहांआरा रोज पोरीला नावं ठेवत होती आणि तो समोर बसून जेवत होता.

यहयाभाईंच्या हॉलमध्ये एसीचा गारठा होता. खजूर झाले, करक चहा आला. यहयाभाईंच्या बायकोने सांदणांचं मनापासून कौतुक केलं. झैद सभ्य मुलगा होता. तो बाजूच्या खुर्चीत नीट बसून मोठ्यांचं ऐकत होता, आणि त्याला बघून हमदुल्लाच्या मनात आलं, हा जावई म्हणून खरंच चांगला आहे.

“सफाला लीव्ह मिळाली नाही,” जहांआराने ठरल्याप्रमाणे सांगितलं. “हॉस्पिटलमध्ये स्टाफच कमी आहे.”

“हो का?” यहयाभाईंची बायको म्हणाली. “माझी भाची पण नर्स आहे. कॅनडात. ती तर आली ईदला.” चहाचा घोट घेऊन ती पुढे म्हणाली, “भाभी, राग मानू नका. मुलगी एकटी राहते, कमावती आहे. तिचा दुसरीकडे काही विचार असेल तर आत्ताच सांगून टाका. आम्हाला वाईट नाही वाटणार.”

“अगं, असं काय विचारतेस,” यहयाभाई पुटपुटले, पण उत्तर त्यांनाही हवंच होतं.

जहांआरा आता ताडकन काहीतरी बोलेल, असं हमदुल्लाला वाटलं. घरी काय वाटेल ते बोलायची, पण बाहेर पोरीवर शब्द येऊ द्यायची नाही, अशी ती बाई. ती मात्र कपाकडे बघत हळूच म्हणाली, “काय सांगू भाभी. मी पण तिला तेच विचारलं.”

पोरीची अब्रू परक्या हॉलमध्ये चहाच्या कपांबरोबर मांडून ठेवलेली होती, आणि ती तिथे ठेवणारा हमदुल्ला स्वतः होता.

“लीव्ह मिळाली होती,” तो म्हणाला.

जहांआराने त्याच्याकडे बघितलं.

“लीव्ह मिळाली होती,” तो पुन्हा म्हणाला. “तिकिटाचे पैसे नव्हते. टॅक्समध्ये गेले. तिकडे पगारातून किती टॅक्स कापायचा ते आपण सांगायचं असतं. तिची इन्चार्ज म्हणाली अडीच टक्के, मी म्हटलं अर्धा लिही. मग राहिलेले सगळे तिला एप्रिलमध्ये एकदम भरावे लागले.”

“तुम्ही म्हणालात?” यहयाभाईंना हसू आवरेना. “मास्टर, तुम्ही? सगळ्या शारजाचे पगार काढता तुम्ही.”

“म्हणून तर तिने मला विचारलं.”

यहयाभाईंच्या बायकोला हसू आलं नाही. घर चालवणाऱ्या बाईला हिशेबातली फट लगेच दिसते. “पण ती घरी पैसे पाठवत होती ना?” तिने विचारलं. “मग दोन महिने पाठवू नको म्हणायचं. तिकीट झालं असतं.”

ही पळवाट होती. मला सुचलं नाही, असं म्हटलं असतं तर प्रकरण हसण्यावारी गेलं असतं. हमदुल्लाने रुमालाने तोंड पुसलं.

“तिने विचारलं होतं तसं,” तो म्हणाला. “मीच नाही म्हटलं. स्लॅब थांबला असता.”

यहयाभाई खजुराच्या बिया बशीत एका बाजूला सारत राहिले. त्यांच्या भावाचं घर त्यांनाही माहीत होतं.

“लीव्हचं तिने माझ्यासाठी सांगितलं,” हमदुल्ला म्हणाला. “मला कोणी बोलू नये म्हणून. तिच्यावर काही घेऊ नका. मुलगी चांगली आहे.”

शेवटी झैदच बोलला. “अंकल, इट्स ओके. टॅक्सचं सगळ्यांचं चुकतं.” मग आईकडे एक नजर टाकून तो म्हणाला, “सफाला चालत असेल तर मी तिच्याशी फोनवर बोलेन. पुढच्या ईदपर्यंत कशाला थांबायचं?”

यहयाभाईंच्या बायकोने सांदणाचा आणखी एक तुकडा घेतला. “विचारा तिला,” ती जहांआराला म्हणाली, आणि तिच्या आवाजात आता संशय नव्हता.

परतीच्या वाटेवर दुबई जवळ येईपर्यंत जहांआरा खिडकीबाहेर बघत बसली. हमदुल्ला तिच्या ओरडण्याची वाट बघत होता. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मी तिला काय काय बोलले,” ती शेवटी म्हणाली. “तुझा कोण आहे तिकडे, असं विचारलं मी तिला. ती रडली फोनवर. आणि तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात.”

“हो.”

“तो मजला कुणासाठी बांधलात?”

हमदुल्लाजवळ उत्तर होतं, पण ते तोंडातून काढायची त्याला लाज वाटली.

तिने फोन काढून सफाला लावला आणि स्पीकर सुरू केला. तिकडे पहाट होती. सफा ड्युटीला निघायच्या गडबडीत असणार.

“नाश्ता केलास?” जहांआराने विचारलं.

“करते आता. अम्मी, व्हॉट हॅपन्ड? आवाज का असा येतोय?”

जहांआराने फोन हमदुल्लाच्या बाजूला धरला. तो म्हणाला, “सफा, मी अम्मीला सांगितलं सगळं. यहयाभाईंच्या घरी पण सांगितलं.”

“व्हाय, अब्बा? आय हॅड हँडल्ड इट.”

“माहीत आहे मला. म्हणूनच सांगितलं.” समोरच्या ट्रकला त्याने पुढे जाऊ दिलं. “ऐक. आता बांधकामाला काही पाठवायचं नाही. पहिलं तिकीट काढ. आणि ते पर्सेंट वाढवून घे. दोन, नाहीतर अडीच.”

“अडीच केलेत, अब्बा. एप्रिलमध्येच.”

“मला बोलली नाहीस.”

“तुम्हाला कशाला त्रास,” ती मायेने म्हणाली.

लेकीने आपल्याला न विचारता केलेला हा पगाराचा पहिला हिशेब, आणि तो बरोबर होता.

“चांगलं केलंस,” हमदुल्ला म्हणाला.

जहांआराने स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि काचेकडे वळून बसली. पुढचं सगळं बोलणं मायलेकींचं झालं. हमदुल्लाला त्यातलं फक्त बायकोचं “हो गं... हो गं राणी” ऐकू येत होतं, आणि तो सरळ समोर बघत शारजाच्या रस्त्याला लागला.