आईचा शिक्का

लग्न फक्त बाई आणि पुरुषाचंच, असं राज्यघटनेत लिहायचं की नाही, यावर रुमानियात दोन दिवस मतदान होतं. निदान तीस टक्के लोक मतदानाला आले नाहीत तर सगळंच बाद होणार होतं. म्हणून मी आणि माझी जोडीदार स्मारांदा महिनाभर दिसेल त्याला एकच सांगत होतो, घरी बसा. आईला तर रोज.

रविवारी संध्याकाळी गावाहून तिचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"इलिंका, मी जाऊन आले बघ. प्रार्थना संपल्यावर पाद्रीबाबा सगळ्यांना चर्चमधून थेट शाळेत मतदानाला घेऊन गेले. मी पडद्याआड 'नाही'वर शिक्का मारला, तुमच्या दोघींसाठी. शेजारच्या वेताबाईला पत्तासुद्धा लागला नाही."

माझं डोकंच फिरलं. "आई, 'नाही' म्हटलंस तरी आलेल्यांत तुझी मोजणी झालीच ना? त्यांना माणसंच कमी पडत होती. घरी बस म्हणून किती घसा फोडला मी."

"घरी कशी बसणार? मी कुणाच्या बाजूची, ते अख्ख्या गावाला कळलं असतं."

"मग कळू दे की."

 तिच्या मागे कढईत काहीतरी तडतडत होतं.

"रागावू नकोस गं," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी खिमा भरलेली कोबीची पानं करते, स्मारांदाला आवडतात. दोघी या जेवायला."

"येतो."

"फक्त जरा अंधार पडल्यावर या."