जायफळाचे वीस वेढे

मी एक जुनी सहाण आहे. अशा गोष्टीत 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते, नाहीतर माणसांशी माझं फारसं जमत नाही. तुम्ही आम्हाला घासता, वापरता आणि काही बिघडलं की दोष आमच्यावर ढकलून मोकळे होता.

तानीबाईनं मला निपाणीच्या आठवडी बाजारात एका पाथरवटाकडून घेतलं. तेव्हा ती तंबाखूच्या वखारीत चाळणीवर कामाला होती. बायका तान्ही लेकरं घेऊनच कामाला यायच्या. तंबाखूच्या धुरळ्यानं लेकरं खोकायची, रडायची, आणि ज्या आईचं लेकरू रडेल तिला मुकादम घरी हाकलायचा. मग तानीबाई माझ्यावर दुधाचे चार थेंब टाकायची, जायफळाचे दोन वेढे घासायची आणि ते बोटानं लेकराला चाटवायची. लेकरू पेंगायचं, आई पुन्हा चाळणीला लागायची. तानाक्काची सहाण म्हणजे लई गुणाची, असं बायका कौतुकानं म्हणायच्या. त्या कौतुकाची मला आजही चीड येते. मी त्या लेकरांना बरं करत नव्हते, फक्त गप्प करत होते.

पुढं वखारीचं काम सुटलं. भाऊ वारल्यावर तानीबाईनं त्याचा मुलगा बुद्धप्रिय वाढवला, शिकवला. तो रेल्वेत लागला आणि लोंढ्याला राहून फक्त सुट्टीला घरी येऊ लागला. त्याची बायको सुविधा निपाणीतच बँकेत आहे. तानीबाई त्यांच्याच नव्या घरात राहते; तिथं मिक्सर आला आणि मला भांडी घासायच्या मोरीच्या कट्ट्याखाली सारलं. गळक्या पाइपाचं पाणी अंगावर घेत मी तिथं कित्येक वर्षं पडून होते. कुणी आठवणसुद्धा काढली नाही.

मला बाहेर काढलं ते अक्षरासाठी. बुद्धप्रिय आणि सुविधाची ही एकुलती लेक सहा वर्षांची आहे आणि स्वमग्न आहे. तिच्याकडं शब्द मोजकेच, आणि झोप तर त्याहून कमी. पहाटेचे तीन वाजले तरी ती टक्क जागी असायची, भिंतीवर डोकं आपटायची, सहाला पुन्हा उठून बसायची. शाळेत ती मुलांना चावू लागली. पुढच्या वर्षी हिला घरीच ठेवा, असं बाईंनी सांगितलं. ती शाळा सुटली असती तर तिला घेईल अशी दुसरी शाळा जवळपास नव्हती. सुविधाला त्याच एका गोष्टीची धास्ती होती.

अशाच एका मुलाच्या आईकडून सुविधानं मेलाटोनिन या झोपेच्या औषधाचं नाव ऐकलं आणि ती बेळगावच्या बालरोगतज्ज्ञांकडं गेली. तिथं काय झालं ते ती स्वयंपाक करताना बुद्धप्रियला फोनवर सांगत होती, म्हणून मला कळलं. औषधाचं नाव तुम्ही मला सांगणार का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. मोबाइल बंद करा, मुलीला पळवा, खेळवा, आणि चार आठवडे झोपेच्या वेळा लिहून आणा, एवढं सांगून त्यांनी तिला वाटेला लावलं. सुविधानं वही घातली. मोबाइल कपाटात गेला. चार आठवडे झाले, मग आणखी चार, असं करत पाच महिने होत आले. दर वेळी ती वही घेऊन जायची आणि दर वेळी भांडून परत यायची.

वहीत काय लिहिलं होतं ते सांगते. एखाद्या दिवशी अक्षरा संध्याकाळी आठलाच झोपलेली, ती थेट दुसऱ्या दिवशी दहाला उठलेली. मग तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. डॉक्टर म्हणाले, ही झोपू शकते, म्हणजे शिस्त तुमच्याच घरात कमी आहे. घरी दुसरं काही देता का, असंही त्यांनी विचारलं. सुविधानं नाही म्हणून सांगितलं. ती खोटं बोलली नव्हती. ती बँकेतून सहानंतर यायची, आणि अक्षराला दिवेलागणीच्या आत तानीबाई भरवून घ्यायची.

ज्या दिवशी पोरीचे हाल बघवायचे नाहीत, त्या दिवशी तानीबाई मला मोरीखालून काढायची. तिनं काही लपवलं नव्हतं. तिच्या लेखी जायफळ हे औषधच नव्हतं, ती डब्यातली वस्तू होती, हळदीसारखी. पण दोन वेढ्यांनी सहा वर्षांची पोर काय पेंगणार? दोनाचे पाच झाले, पाचाचे दहा.

एका शनिवारी तिनं वीस वेढे घासले. तीन-चार तासांत अक्षराला उलट्या सुरू झाल्या. छाती धडधडू लागली, नजर ठरेना. तिला गावातल्या दवाखान्यात सलाइन लावलं आणि सकाळपर्यंत ती सावरली. उशाशी बसलेली तानीबाई म्हणाली, मी तर नुसतं जायफळच दिलंतं. सुविधा तिला जे बोलली ते मी इथं सांगणार नाही. त्यातलं निम्मं खरं होतं आणि निम्मं संतापाचं.

सोमवारी सुविधानं मला आणि उरलेल्या जायफळाला पिशवीत घातलं, अक्षराला आणि तानीबाईला बरोबर घेतलं, आणि बेळगावला जाऊन मला डॉक्टरांच्या टेबलावर आदळलं. डॉक्टर तानीबाईवर कडाडले. लेकराला विष चारता आणि मला सांगता की काही देत नाही, असं ते म्हणाले.

तानीबाई खाली मान घालून ऐकत होती. मग तिनं मान वर केली.

"मला कुठं इचारलासा, डाक्टर? पोर दिसभर माझ्याजवळ असतीया. तुमी हिला इचारलं, ही बँकेत असती."

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडं वळवली. कधीपासून देता, कोणत्या दिवशी, किती वेढे, असं एकेक विचारलं आणि स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. एक वेढा म्हणजे किती, ते माझ्यावर घासून दाखवायला लावलं. मग दोन आठवडे काहीही न देता वही लिहायला सांगितली. ती वही दाखवायला नेली तेव्हाही मी त्याच पिशवीत होते. वहीत एकही पुऱ्या झोपेचा दिवस निघाला नाही, तेव्हा त्यांनी मेलाटोनिन लिहून दिलं. मात्रा लहान, झोपायच्या तासभर आधी, ट्यूबलाइट बंद करून. महिन्यानं पुन्हा दाखवायचं.

"हे पाच महिन्यांपूर्वी लिहिता आलं असतं," सुविधा म्हणाली.

"तेव्हा लिहिलं असतं तर वरून जायफळही चालू राहिलं असतं," डॉक्टर म्हणाले.

दोघांचंही खरं होतं, म्हणून मला दोघांचाही राग आला.

आता अक्षरा बहुतेक दिवशी साडेनऊला झोपते. शाळेतून तक्रार येत नाही, बाईंनी पुढच्या वर्षीचा अर्ज दिला आहे. सुविधा तानीबाईशी अजून कामापुरतंच बोलते. मला गच्चीवर टाकलं आहे, आणि खरं सांगते, मी तिथंच बरी आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल. तिच्यावर चंदन उगाळा, पण लेकराची झोप उगाळू नका. डॉक्टरांकडं जाताना डब्यातली वस्तूसुद्धा सांगा. आणि जे माणूस लेकराला दिवसभर सांभाळतं, त्याला बरोबर न्या.

मी दगड आहे, मला तोंड नाही. तानीबाईला होतं. तिला विचारायला पाच महिने लागले.