पोलीस पाटलांना दिवस जातात

वडनेर भोलजीच्या सरकीच्या गोदामात त्या गुरुवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. हंगाम संपून गोदाम रिकामं पडलं होतं, आणि रिकाम्या जागेत बाबा फार लवकर रुजतो. महिन्याभरापूर्वी तिथे एक चटई आली, चटईवर एक बाबा आला, बाबाच्या मागून एक दाढीवाला चेला आला, आणि आता नांदुऱ्याहून येणारी मोटार फाट्यावर अर्धी रिकामी व्हायची. उतरणाऱ्या सगळ्या बायका असायच्या आणि प्रत्येकीच्या पिशवीत नारळ, लिंबं आणि हळकुंडं असायची.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. गावात शाळा होती, रेडिओ होता, पण मूल कुणाला होणार हे मात्र काशाची थाळी ठरवत होती. थाळीत हळदीचं पाणी. मूल हवं असलेली बाई पुढे यायची, चेला तिच्या उजव्या हातावर तीर्थ ओतायचा आणि ती ओला हात थाळीत ठेवायची. पाणी लालभडक झालं की कुंकवाचा कौल मिळाला, कूस उजवणार. पिवळंच राहिलं तर नशीब फुटकं. मग बाबा थाळीत लिंबू पिळायचा, लाल पाणी पुन्हा पिवळं व्हायचं आणि पुढची बाई बसायची.

बाबाला सगळे हळदीबाबा म्हणत. खरं नाव आपण हिमालयात ठेवून आलो, असं तो सांगे. हिमालयात वऱ्हाडी कुठे शिकला हे कुणी विचारलं नाही. त्याचं बोलणं धो धो चाले. "हळद ही धरतीची लेक, कुंकू हा सूर्याचा लेक, दोघांचं लगन या थाळीत लागते. ओम फट्, कूस उघड, पाळणा हलव, हलव हलव स्वाहा." या स्वाहाला चेला शंख फुंकायचा आणि शंख फुटका असल्याने त्यातून रेडकू ओरडल्यासारखा आवाज यायचा. लोक त्यालाही हात जोडायचे.

पहिल्या खेपेला सगळ्यांचंच पाणी पिवळं राहायचं. मग बाबा सेवा सांगायचा. सेवा म्हणजे काही गुरुवार येऊन बाबाची डाळ निवडायची, हळद कुटायची, गोदाम झाडायचं. सेवा पुरी झाली की पाणी लाल. घरी सासूने सांगितलं तर नाक मुरडणाऱ्या सुना इथे दिवसभर मुसळ चालवत होत्या.

कौशल्याने सेवेला साफ नाही म्हटलं होतं, आणि आज तिचाच निकाल होता.

कौशल्या उंद्रीची लेक. लग्नाला सहा वर्षं होऊनही पदर रिकामा म्हणून ती स्वतःच हट्टाने नवऱ्याला सोबत घेऊन रेल्वेने अकोल्याला बायकांच्या मोठ्या दवाखान्यात गेली होती. तिथे बुधवारी मूल नसलेल्या बायकांची तपासणी चाले. लाकडी बाकावर सगळ्या खाली मान घालून बसलेल्या, आपलं पाप पकडलं गेल्यासारख्या. तिचं रक्त काढलं, पोटात नळीने औषध सोडून फोटो काढला. त्या वेळी ती इतकी कळवळली की परिचारिकेचा हात तिने लाल होईस्तोवर दाबला. वर रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी तोंडात काच धरून ताप मोजायचा, हा एक उद्योग. सासू जनकाबाईंनी हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ताप नाही तर मोजते कशाला, असं त्या आळीभर विचारून आल्या. शेजारणी पहाटे ती काच पाहायला येऊ लागल्या. एकीने त्या काचेला कुंकू वाहिलं.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी कौशल्याला समोर बसवून सांगितलं की तुझ्यात काही बिघाड दिसत नाही, आता नवऱ्याला तपासू. तिचा नवरा तुळशीराम बाहेर कडुनिंबाखाली उभा होता. त्याला बोलावलं, हातात काचेची लहान बाटली दिली आणि ती कशासाठी आहे हे समजावलं. तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "मले काय झालं? मी दोन मनाचं पोतं एका दमात उचलतो."

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "मूल दोघांचं ना? मग तपासणी एकटीचीच कशी करायची?"

तुळशीरामाने बाटली टेबलावर ठेवली आणि तो सरळ स्टेशनवर जाऊन बसला. गाडी यायला अजून अख्खी दुपार होती.

माणूस वाईट नव्हता तो. बायकोवर जीव होता. पण आपल्यातच काही कमी निघालं तर गावात तोंड कसं दाखवायचं, या भीतीने त्याची जीभ टाळूला चिकटली. त्याची जीभ चिकटली आणि जनकाबाईंची सुटली. त्यांच्या भावाची मुलगी लग्नाची होती. कायद्याने दुसरी बायको करता येत नाही, हे त्यांना मास्तरांनी सांगितलं होतं. त्यावर, कायदा अकोल्यात राहतो, असं त्यांचं उत्तर होतं. थाळीने चारचौघांत कौल दिला की कौशल्याला उंद्रीला पोचवायचं आणि भाचीला आणायचं, असं ठरलं. पंच म्हणून पोलीस पाटील उकंडराव यांना बोलावलं होतं. साठी उलटलेले, झुपकेदार मिशांचे उकंडराव पुढच्या खुर्चीत तंबाखू मळत बसले होते. बायकांच्या डाव्या बाजूला पुरुष बसले होते आणि निकालाची वाट पाहत तेही बहुतेक तंबाखूच मळत होते. वऱ्हाडात माणूस लग्नात, मयतीत आणि कोर्टाच्या दारात वाट पाहताना हेच करतो.

कौशल्या थाळीपुढे बसली. चेल्याने तांब्याच्या लोट्यातून तिच्या हातावर तीर्थ ओतलं. तिने हात बुडवला. तिच्या मनात एवढंच होतं की आपली ट्रंक सकाळीच भरून दाराशी ठेवली आहे, आणि ती नवऱ्याने भरली नाही, पण आईला भरू दिली. ते तिला फार लागलं होतं.

पाणी पिवळं राहिलं.

बाबाने डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. सेवेला नाही म्हणणाऱ्या सुनेला सगळ्यांदेखत धडा देण्याची संधी तो कशी सोडेल? नेहमीचा खेळ इथे संपायचा, पण आज समोर पाटील होते, गर्दी होती, आणि बाबाला सुरसुरी आली. त्याने एक नवाच विधी काढला. नवऱ्याने स्वतः पुढे यावं, हा वांझ हात आपल्या हाताने थाळीतून उचलावा आणि बाहेर ठेवावा, म्हणजे नातं सुटलं.

तुळशीराम उठला. घाबरून त्याने नुकतीच तळहातावर तंबाखू मळली होती. ती घाईने ओठात सारली, हात धोतराला पुसल्यासारखा केला आणि थाळीत घातला.

त्याच्या बोटांभोवती लाल रेघ निघाली. रेघेचा पट्टा झाला. बघता बघता थाळीचा निम्मा भाग लालभडक झाला.

मग मागून एक म्हातारी हळूच म्हणाली, "अव माय, तुळशीरामाले दिवस जातीन."

चेल्याला काय करावं कळेना, त्याने शंख फुंकला. रेडकू ओरडलं. जनकाबाई मटकन खाली बसल्या. बाबा मात्र मुरलेला होता. त्याने क्षणभरात पवित्रा बदलला. ही तर फारच थोर लीला, युगात एकदा पुरुषाची कूस उजवते, कुणी शंका घेऊ नये. तुळशीराम आपल्या पोटाकडे पाहत राहिला. कुणीतरी त्याला बसायला घोंगडी दिली, उभं राहू नको म्हणालं.

कौशल्या नवऱ्याच्या पोटाकडे नाही, हाताकडे पाहत होती. तळव्याच्या रेघांत पांढरं काहीतरी राहिलं होतं. चुना. तंबाखूत मळतात तो. आणि तिला उंद्रीची आई आठवली. पाय मुरगळला की आई हळदीत चुना कालवून लेप लावायची, आणि पिवळी हळद वाटीतच लाल व्हायची. इथे बसलेल्या प्रत्येक बाईने आयुष्यात कधीतरी तो लेप कालवला होता. घरच्या वाटीत लाल झाली तर ती हळद, बाबाच्या थाळीत लाल झाली तर तो कौल. चपला दाराशी काढताना बाया आपलं शहाणपणही तिथेच काढून आत आल्या होत्या, आणि तीही त्यांच्यातच होती.

लगेच ओरडावं असं तिला वाटलं, पण डॉक्टरीणबाईंचं वाक्य मध्ये आलं. तपासणी एकाचीच कशी? तिने पदर पुढे ओढला. सुनेने पाटलांशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून ती सासूकडे तोंड करून बोलली.

"आत्याबाई, पाटलाले म्हना, थाळीत हात घाला."

जनकाबाई भांबावलेल्या होत्या, त्यांनी निरोप जसाच्या तसा पोचवला. उकंडराव म्हणाले, हा बायकांचा विधी आहे. पण पुरुषाची कूस उजवते असं बाबाच म्हणाला होता, आणि गर्दीला आता चव लागली होती. लोकांनी पाटलांना उठवलं. बाबा पुढे झाला, पाणी उष्टं झालंय म्हणाला. पुढे बसलेल्या एकाने तेवढ्यात लिंबू पिळून पाणी पिवळं करून ठेवलं होतं. उकंडरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि तोच हात थाळीत घातला.

गेली पन्नास वर्षं तंबाखू मळणारा हात तो. पाणी असं लाल झालं की तुळशीरामाचं त्यापुढे काहीच नाही.

"पाटील," मघाची म्हातारी म्हणाली, "तुमाले तं जुळं हाय."

मग कोण थांबतो? गावचा सुतार, पोस्टमन, देवळाचा पुजारी, दोन वेळा पडलेला सरपंचकीचा उमेदवार, मध्ये मध्ये लिंबू पिळत सगळे रांगेने हात बुडवू लागले. पोस्टमन तेवढा तंबाखू खात नव्हता, त्याचं पाणी पिवळं राहिलं. त्याला पाच मुलं होती. तो खाली मान घालून परत गेला. बाकी सगळ्या पुरुषांना कुंकवाचा कौल मिळाला. बायका पदरात तोंड खुपसून हसत होत्या. विमलबाई नावाची एक बाई, जी काही गुरुवारांपासून बाबाची हळद कुटत होती, ती हसत नव्हती. ती आपल्या तळव्यावरचे फोड बघत होती.

कौशल्याला अजून एक कोडं उरलं होतं. बायका तंबाखू मळत नाहीत, मग त्यांचं पाणी लाल कसं होतं? चेल्यापाशी दोन लोटे होते. तांब्याचा आणि पितळेचा. तिने पाहिलं होतं, तिच्या हातावर तांब्याचा रिकामा झाला होता. ती उठली, पितळेचा उचलला. चेला तिचा हात धरायला पुढे झाला, पण मध्ये तुळशीराम उभा राहिला. पोटाशी हात धरूनच, पण उभा राहिला.

तिने थाळीत लिंबू पिळलं, पितळेच्या लोट्यातल्या तीर्थाने हात धुतला आणि थाळीत ठेवला. लाल. लोटा जमिनीवर उपडा केला. वरचं नितळ पाणी वाहून गेलं आणि तळाशी बसलेला पांढरा चुना लोकांच्या पुढ्यात सांडला.

"ज्याची सेवा पुरी झाली त्याले हा लोटा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अन् ज्याच्याकून काम करून घ्यायचं त्याले तो. थाळीले कायबी समजत नाई. चुना असला का लाल, लिंबू पिळलं का पिवळं."

बाबाने शाप द्यायला हात वर केला. विमलबाई मुसळ घेऊन उठली होती. त्याने हात खाली घेतला. पुढच्या मोटारीला गुरुशिष्य नांदुऱ्याच्या दिशेने गेले. फुटका शंख तेवढा राहिला. उकंडरावांनी त्यांना अडवायला हवं होतं, पण त्या दिवशी पाटील कुणाच्या समोर यायला तयार नव्हते.

घराकडे जाताना जनकाबाई मध्येच थांबल्या आणि भाचीचं कसं करायचं, असं पुटपुटल्या. कौशल्या नवऱ्याकडे पाहत होती. तुळशीराम म्हणाला, "ट्रंक राहू दे भरलेली. बुधवारी अकोल्याले जाऊ आपण. दोघं." एवढं बोलायला त्याला पोतं उचलण्यापेक्षा जास्त दम लागला होता. कौशल्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिने ते पुसलं नाही.

बुधवारी दवाखान्यात बाकावर बायकांच्या रांगेत एकटा पुरुष बाटली उपरण्यात गुंडाळून बसला होता. त्याच्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला आई. तपासणीत कळलं की दोष थोडा त्याच्यात आहे. डॉक्टरीणबाईंनी औषध लिहून दिलं, पुन्हा तपासायला या म्हणाल्या, आणि उपयोग होईलच अशी खात्री देत नाही, हेही सांगितलं.

जनकाबाईंना हे पटेना. बाबाची सारी हकीकत सांगून त्या म्हणाल्या, "तो बाबा तं खात्री देत होता, बाई."

"म्हणून तर त्याला पळावं लागलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पुढच्या बाईला बोलावलं.

आता वाचणारे विचारतील, पुढे पाळणा हलला का? ते इथे सांगायचं नाही. हलला म्हटलं तर तुम्ही उद्या दवाखान्याच्या पायरीवर नारळ फोडाल, नाही म्हटलं तर परत एखादी थाळी शोधाल. कौशल्या ट्रंक रिकामी करून घरात नांदली, तिच्या अंगावरचा खोटा डाग पुसला गेला, आणि हे पाळणा हलण्या न हलण्यावर अवलंबून नव्हतं. मूल न होण्याचं कारण शरीरात असतं, पापात नाही, आणि शरीर बाईला असतं तसं पुरुषालाही असतं. ज्याला तपासलेलं चालत नाही, त्याच्यापुढे हात जोडू नका. आणि कौल कुणीही देवो, आपल्या सुनेला त्या थाळीपुढे बसवण्याआधी घरातल्या सगळ्या पुरुषांचे हात त्याच थाळीत बुडवून पाहा.